काकींचा पांढरा हिवाळा

घर दाखवताना घरमालकीण साधारणपणे पाणी किती वाजता येतं ते सांगते, भिंतीला खिळे ठोकू नका म्हणते आणि लग्न कधी करणार ते विचारते. काकींनी मला आधी गच्चीवर नेलं.

घणसोलीच्या गावठाणात त्यांची चार मजली इमारत होती. तळमजल्यावर त्या आणि काका, वर आम्ही भाडेकरू. गच्चीवर तीन दोऱ्या बांधलेल्या होत्या. दोन जिन्याला लागून, आणि तिसरी लांब, भर उन्हात, एकटी. त्या तिसरीवर एक सुती साडी, एक स्वेटर, दोन झंपर, एक शाल आणि मोज्यांची जोडी वाळत होती. सगळं पांढरं. घरात नुकतंच कुणी गेलं असावं असं वाटून मी आवाज खाली आणला.

"दिवाली ते होली, या दोरीजवल रंगीत कपडा नाय पायजे," काकी म्हणाल्या. "तुजा हा लाल कुडता तिकडं, जिन्याकडं. वारा सुटला तरी त्यानं तिकडंच फडकायचं."

मी हो म्हटलं. तेव्हा मी कशालाही हो म्हटलं असतं. मी मूळची परभणीकडची. महाप्यात नोकरी लागली होती आणि दिघ्यात मामाच्या एका खोलीत आम्ही सहा जण झोपत होतो. त्याआधी दोन ठिकाणी घर पाहून झालं होतं. दोन्हीकडे सगळं पसंत पडल्यावर आडनाव विचारलं गेलं, आणि आडनाव ऐकल्यावर घर कालच गेल्याचं त्यांना आठवलं. काकींनीही आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि चपला घालायच्या तयारीत उभी राहिले.

"बरं," त्या म्हणाल्या. "आनि रंग जानारे कपडे किती हायत?"

मी तिथे तीन वर्षं राहिले.

काकी आगरी. त्यांच्या तोंडात ळचा ल आणि णचा न व्हायचा, मला म्हणायचं झालं की 'मना', तुला म्हणायचं झालं की 'तुना' आणि उन्हात म्हणायचं झालं की 'उन्हान'. वय अठ्ठावन्न की साठ, त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. बाकीचं वर्ष त्या चारचौघींसारख्या हिरव्या-जांभळ्या साड्या नेसत, गळ्यात भरपूर सोनं घालत. पण दिवाळीचे कंदील उतरले की सोनं कपाटात जायचं आणि पांढरं बाहेर यायचं. कानात मोती, गळ्यात मंगळसूत्राखेरीज एक मोत्यांचा सर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर पांढरा पूर्ण बाह्यांचा स्वेटर, त्याच्यावर शाल, आणि फारच उत्साह असला तर डोक्याला लोकरीचा रुमाल.

आमच्याकडे थंडी कितीशी पडते? डिसेंबरात दुपारी पंखा लागतो. काकींना हे मान्य नव्हतं. सकाळी पेपरात त्या आधी तापमान बघायच्या. ते अठराच्या खाली गेलं की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि बावीसवर गेलं की पेपरवाल्यांना अक्कल नाही असं त्या म्हणायच्या.

एकदा जानेवारीत, भर दुपारी, त्या स्वेटर आणि शाल घालून दारात बसल्या होत्या. कपाळावर घाम. मी विचारलं, "काकी, उकडत नाही का?"

"उकडतंय," त्या म्हणाल्या. "पन दिसतंय कसं ते सांग."

दिसत छान होतं, हे कबूल केलं पाहिजे. मी आजवर पांढरे कपडे घातलेले पुष्कळ लोक पाहिलेत, पण पांढरा रंग इतका गंभीरपणे घेणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. त्यांचा एक सिद्धान्त होता, तो त्या कुठल्याही भाडेकरणीला न विचारता सांगत. "पांढऱ्यान बाई तिघांसारखी दिसते. नर्स, पुढारी नायतर मयत. आपल्याला चवथं दिसायचंय." चौथं दिसण्यासाठी त्यांचे नियम होते. अंगावरची दोन पांढरी कधी सारखी नसावीत. एक कापड जाड, एक पातळ, एक चमकणारं. तिन्ही सारखी झाली की नर्स. तिन्हीला कडक खळ असली की पुढारी. आणि कशातच चमक नसली की काय, ते त्या हाताने वर दाखवून सांगत.

वाशीच्या एका मोठ्या दुकानात मी त्यांच्याबरोबर स्वेटर घ्यायला गेले होते. तिथल्या मुलीने पांढरे म्हणून पाच स्वेटर काढले. काकींनी पाचही उजेडात नेऊन पाहिले आणि परत आणून ठेवले.

"हा दह्यासारखा हाय, हा मिठासारखा. हा पिवला हाय, तुमी त्याला पांढरा बोलता. आनि हा निलीन बुडवलेला हाय. मना शंखासारखा पायजे."

"मॅडम, शंखासारखा म्हणजे ऑफ व्हाइट ना?" मुलीने विचारलं.

"ऑफ कशाला? ऑन हाय तो," काकी म्हणाल्या.

शेवटी दह्यासारखा घेतला.  घरी येताना रिक्षा सिग्नलला थांबल्यावर म्हणाल्या, "त्या पोरीची चूक नाय. तिना शंख कुठं बगितलाय?"

हे पांढरं त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, आणि तेही भाजी निवडताना, सहज. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना गावची जमीन नव्या शहरासाठी मोजायला माणसं आली होती. काकी आईबरोबर शेतात लावणीला उतरलेल्या, गुडघाभर चिखलात. मोजणीवाल्यांबरोबर कुणा साहेबाची बायको आली होती. पांढरी साडी, पांढऱ्या वहाणा. ती बांधावर छत्री घेऊन उभी राहिली.

"तासभर उभी होती," काकी म्हणाल्या. "त्या तासान माजी आय मना दहादा हाका मारते. हे आन, ते आन, इकडं धर. त्या बाईला कोन हाकच मारत नाय. मना तवा कललं, पांढरं कोन घालतं. ज्याला कामाला कोन हाक मारत नाय, तो घालतं."

"मग हिवाळ्यातच का?"

"पावसाल्यान चिखल, उन्हाल्यान घाम. आपल्याला येवढे चारच महिने मिलतात बाय मोठं मानूस व्हायला."

यातली गंमत अशी की हे चार महिने त्या मोठं माणूस होऊन चार मजल्यांचा जिना झाडायच्या, पाण्याची मोटर चालू-बंद करायच्या, गटार तुंबलं की माणूस येईपर्यंत काठी घेऊन स्वतः उभ्या राहायच्या. शिवाय आमच्या भागात खरी धूळ हिवाळ्यातच. चारी बाजूंनी टॉवर उठत होते, सकाळी धुकं म्हणून जे दिसायचं त्यात निम्मं सिमेंट होतं. पांढरं घालायला याहून वाईट ऋतू आणि याहून वाईट गाव शोधून सापडलं नसतं. त्यामुळे साडी रोज धुवावी लागे. रोज नीळ, एक दिवसाआड खळ, आणि रोज इस्त्री.

इस्त्री काका करायचे.

काका एका रासायनिक कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. बोलणं कमी. सकाळी सात वाजता ते पुढच्या खोलीत टेबलावर घोंगडी अंथरत, तांब्यातून पाणी शिंपडत आणि सहावारी साडी अशी काही घड्या घालत इस्त्री करत की बघत राहावं. निऱ्यांच्या जागेवर ते दोनदा फिरवायचे. काकी तोवर परकरावर चहा पीत समोर बसलेल्या असत आणि सूचना देत. त्या सूचना काका ऐकत नसावेत, कारण तीस वर्षं यंत्रांच्या आवाजात काम केल्यामुळे त्यांना डाव्या कानाने कमीच ऐकू यायचं. बसताना काकी नेमक्या त्याच बाजूला बसत. दोघांनाही ते सोयीचं असावं.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने एकदा काकींचं रील केलं. काकी पांढऱ्यात, हातात पांढऱ्या बांगड्या, जिन्यावरून एकेक पायरी उतरताहेत. ते पुष्कळ लोकांनी पाहिलं. काकींनी मला प्रतिक्रिया वाचून दाखवायला लावल्या. 'आजी एकदम कडक' यावर त्या म्हणाल्या, "आजी कोनाला बोलतंय?" मग एकाने लिहिलं होतं, 'यांचे मिस्टर वारले का?' मी ते गाळून पुढे जात होते, पण काकींच्या लक्षात आलं. मला पुन्हा वाचायला लावलं.

"लिव," त्या म्हणाल्या. "हायत. इस्त्री करतायत."

मी ते लिहिलं. मूळ रीलपेक्षा ते उत्तर लोकांना जास्त आवडलं.

पण हा प्रश्न काही फक्त मोबाइलवरचे अनोळखी लोक विचारत नव्हते. भावकीत तो रोजचा होता. नवरा जिवंत असताना बाईने चार महिने पांढऱ्यात वावरायचं म्हणजे नवऱ्याचं मरण घरी बोलावायचं, असं त्यांच्या धाकट्या जावेचं मत होतं. धाकटी जाऊ गल्लीच्या टोकालाच राहायची. तिच्या मुलाचं लग्न ठरलं आणि तेही नेमकं डिसेंबरात. तिने काकींकडे निरोप पाठवला नाही, स्वतः आली. मी तेव्हा भाडं ऑनलाइन गेलं की नाही ते दाखवायला खाली गेले होते, म्हणून ऐकलं.

"मोठी, पाया पडते. लग्नाच्या मांडवान पांढरी येऊ नको."

"धवले कोन बोलनार?" काकींनी विचारलं.

आगऱ्यांच्या लग्नात बायका जी पारंपरिक गाणी म्हणतात ते धवळे. ती म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात आणि तिच्याशिवाय जुन्या लोकांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही. काकींची आई धवलारीण होती. गावात आता ती गाणी पूर्ण येणाऱ्या काकी एकट्याच उरल्या होत्या.

"तूच बोलनार," जाऊ म्हणाली. "दुसरं हाय कोन?"

"धवला म्हंजे काय? पांढरा. गानं पांढरं चालतंय, बाई पांढरी चालत नाय?"

 जावेने काकांकडे पाहिलं. काका इस्त्रीची वायर गुंडाळत होते. ते म्हणाले, "मना कशाला बगतेस? मी हाय ना अजून."

हळदीच्या दिवशी आम्हा सगळ्या भाडेकरूंना बोलावणं होतं. चार वाजता आम्ही मांडवात गेलो. पिवळ्या-केशरी साड्यांच्या त्या गर्दीत काकी खुर्चीवर बसलेल्या. साडी पातळ, शाल जाड, झंपर चमकणारा. तिघांपैकी कुणासारख्याही दिसत नव्हत्या. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या मात्र रिकाम्या राहिल्या होत्या. मी जाऊन एकीवर बसले.

नवऱ्याला हळद लागली आणि मग बायका एकमेकींना लावू लागल्या. थोड्या वेळाने जावेच्या माहेरच्या दोघी हळदीचं ताट घेऊन काकींसमोर आल्या. त्यांना कुणी पाठवलं असेल ते कळत होतं, कारण जाऊ लांबून बघत होती.  त्या दोघींनाही पुढे काय करावं ते कळेना, ताट धरून उभ्याच राहिल्या.

काकींनी शाल काढून माझ्या मांडीवर ठेवली. "लावा," त्या म्हणाल्या. "पन डाग पाडायचा नाय. लावायची तर सगल्या साडीला लावा."

आणि त्या उभ्या राहिल्या, हात दोन्हीकडे पसरून, शिंप्याकडे माप देताना राहतात तशा. मागे फिरणं आता त्या दोघींनाही शक्य नव्हतं. त्यांनी पदरापासून सुरुवात केली. काकी सांगत होत्या, "हितं राहिलं. निऱ्यांवर बग. घाई नको." अर्ध्या तासाने मांडवात त्यांच्याइतकं पिवळं कोणी नव्हतं. तशाच पिवळ्या अंगाने त्यांनी धवळे म्हटले, आवाज जराही न कापता. घरी येताना मात्र गल्लीत त्यांनी माझा दंड धरला. धरलेला हात घरापर्यंत सोडला नाही.

काकांनी ती साडी पाहिली. ती काकींची सगळ्यात चांगली साडी होती. काकी न्हाणीघरात साबण शोधत होत्या.

"साबन लावू नको, लाल होईल," काका म्हणाले. "उन्हान टाक. हलद उन्हाला टिकत नाय."

तीन दिवस ती साडी तिसऱ्या दोरीवर होती. पहिल्या दिवशी पिवळी, दुसऱ्या दिवशी लिंबाच्या सालीसारखी, तिसऱ्या दिवशी मला त्यात फक्त पांढरं दिसलं. काका दर दोन तासांनी वर जाऊन तिची बाजू बदलत होते. काकींना अजूनही ती जराशी पिवळी वाटत होती, पण त्या तेवढ्यासाठी काकांशी वाद घालायला तयार नव्हत्या.

पुढच्या हिवाळ्यात माझं लग्न झालं, वाशीच्या एका हॉलमध्ये. आम्ही बौद्ध. आमच्याकडे नवरा-नवरी पांढऱ्यात असतात आणि घरचे बरेच लोकही. पत्रिका द्यायला गेले तेव्हा मी हे काकींना सांगितलं. त्यांनी पत्रिका खाली ठेवली.

"नवरी पांढरी?"

"हो."

"आनि कोन कायच बोलत नाय?"

"नाही."

"तीन वर्सं हितं राहतेस," त्या म्हणाल्या, "आनि हे तू मना आता सांगतेस?"

लग्नाला त्या सगळ्यात आधी आल्या. दह्यासारखा स्वेटर, मोत्यांचे दोन सर, नवीन बूट. दारात थांबून त्यांनी हॉलभर नजर फिरवली. माझ्या आत्या पांढऱ्या, मावश्या पांढऱ्या, सासरची मंडळी पांढरी, फोटोंसमोरच्या मेणबत्त्यासुद्धा पांढऱ्या. काकींना कुणी वळून पाहिलं नाही. खुर्च्या भरलेल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी येऊन लोक बसत होते, काहीही न विचारता.

मी स्टेजवरून पाहत होते. आधी त्यांचा चेहरा पडला. मग त्या माणसं न्याहाळू लागल्या, आणि मला कळलं की आता काही खरं नाही. त्रिशरण-पंचशील होईपर्यंत त्या कशाबशा बसल्या. त्यानंतर उठल्या त्या थेट माझ्या आईकडे. आईने नवी साडी नेसली होती आणि तिच्यावर गावाकडून आणलेली मळकट सायीच्या रंगाची शाल. काकींनी ती शाल काढली, स्वतःची तिला पांघरली, खांद्यावर एक घडी घातली, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि पुन्हा पुढे येऊन घडी बदलली. माझी आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली बाई. तिला असं कुणी कधी सजवलं नव्हतं. ती अवघडून उभी होती.

"ही बाई कोण हाय गं?" तिने नंतर मला विचारलं. "मला बसूच देईना."

पण ती शाल तिने परत केली नाही, आणि काकींनीही मागितली नाही.

लग्नानंतर मी खारघरला राहायला गेले. एका वर्षाने, जानेवारीतल्या एका सकाळी, त्या रील करणाऱ्या मुलीचा फोन आला. काका इस्त्री करता करता खाली बसले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते.

मी पोहोचले तेव्हा काका पुढच्या खोलीत होते आणि काकी त्यांच्याजवळ. अंगावर कालचीच साडी, चुरगळलेली. त्या दिवशीची टेबलावर अर्धी इस्त्री होऊन पडली होती. बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. ज्या नजरेने त्या काकींच्या साडीकडे बघत होत्या त्यातून सगळं ऐकू येत होतं. जाऊ माझ्या शेजारीच होती. ती हळूच म्हणाली, "बोलले होते मी." पुढे तिला रडू आलं, आणि ते रडू खरं होतं.

सगळं आटोपल्यावर रिवाजाप्रमाणे काकींच्या माहेरची एक म्हातारी पिशवीतून पांढरी साडी घेऊन आली. ती नेसायची असते. काकींनी पिशवी घेतली, साडी बाहेर काढली आणि बोटांत पदर धरून चोळला. सवयीने.

"हे पॉलिस्टर हाय," त्या म्हणाल्या.

म्हातारी म्हणाली, "बाई, नेस आता. येवढं कोन बगतं?"

"मी बगते. हे त्यांनी इस्त्रीला घेतलं नसतं. चिकटतं हे इस्त्रीला."

आणि साडी घडी करून त्यांनी परत पिशवीत ठेवली. घडी नीट जमली नाही. ती त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली. मग पुन्हा उलगडली. तिसऱ्यांदा मी ती त्यांच्या हातातून घेतली, तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

त्यानंतरच्या दिवाळीला मी फराळ घेऊन गेले. काकींनी पांढरं काढलं होतं. कपडे स्वच्छ होते, पण इस्त्री त्यांना येत नव्हती, पदराला एका जागी चटका बसला होता. आम्ही दारात बसलो. गल्लीतून येणारीजाणारी माणसं थांबत होती. जे लोक इतकी वर्षं नाक मुरडून जायचे ते आता मान खाली घालून दोन शब्द बोलत होते. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. मग जाऊ आली, काकींच्या शेजारी टेकली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेने म्हणाली, "आता कशी शोभतेस."

 जाऊ गेल्यावर काकी मला म्हणाल्या, "ऐकलंस?"

"चांगल्या मनाने म्हणाल्या त्या."

"तेच तर. इतके वर्सं मी हे घालून जायचे तवा लोकांना मी दिसायचे. शिव्या देत, पन मना देत. आता कितीबी चांगलं घातलं तरी त्यांना ह्यांचं मयत दिसतंय. मी नाय." त्यांनी पदरावरच्या चटक्यावर बोट ठेवलं. "माजं पांढरं गेलं बाय."

पुढच्या आठवड्यात तुळशीचं लग्न होतं. जावेच्या अंगणात सगळी भावकी जमली. काकी गेल्या त्या केशरी साडी नेसून. साधी केशरी नाही, भडक, जरीच्या काठाची. सोनंही होतं नव्हतं तेवढं अंगावर. हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं. जावेने त्यांना दारातच बाजूला घेतलं आणि विचारलं, "मोठी, अगं वर्स नाय झालं. लोक काय बोलतील?"

"तेच बोलतील," काकी म्हणाल्या. "निस्ता रंग बदललाय."

आणि आत जाऊन त्यांनी धवळे म्हटले. निम्म्या बायकांनी तोंड फिरवलं होतं, म्हणे. हे सांगताना त्यांच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी जुनी धार आली होती.

मला मुलगी झाली ती जानेवारीच्या शेवटी. बारा-पंधरा दिवसांनी काकी खारघरला आल्या, एकट्या, मेट्रोतून, जांभळ्या साडीत, काखेत मोठं गाठोडं. लिफ्टमध्ये वॉचमनने गाठोडं धरू का विचारलं तर त्याला दिलं नाही. आत येऊन त्यांनी ते पलंगावर सोडलं. आत दुपटी होती. पंचवीस तरी असतील. सगळी पांढरी, हाताने टीप घातलेली, वर्षानुवर्षं धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली.

मी कापड ओळखलं. "काकी, तुमच्या साड्या?"

"कपाटान ठेवून काय करू? पिवल्या पडतात. नव्या कापडाची दुपटी टोचतात पोरांना." मग दारात उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "धुतलेली हायत. उकलत्या पान्यान. दोनदा."

त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं. पिशवीतून पांढरं झबलं निघालं, लोकरीची टोपी निघाली, मोजे निघाले. टोपी त्यांनी आधी सरळ घातली, मग जराशी तिरकी केली, मान लांब करून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "फोटो काड. लवकर."

मी मोबाइल आणेपर्यंत मुलीने झबलं, दुपटं आणि जांभळी साडी, तिन्ही भिजवून टाकली होती. मी धावले. काकी हलल्या नाहीत. "बस तू. टाके हायत तुना," म्हणाल्या आणि दुसरं दुपटं ओढलं.

पुन्हा टोपी, पुन्हा मान लांब, पुन्हा मोबाइल. संध्याकाळी पाचपर्यंत हे चाललं. फोटो एकही नीट आला नाही. नऊ दुपटी भिजली. सासूबाई म्हणाल्या, "अहो, रंगीत घालू या ना एखादं. डाग तरी दिसणार नाहीत."

"दिसू द्या," काकी म्हणाल्या आणि दहावं दुपटं झटकून मांडीवर पसरलं.